पचमढीच्या धुक्यात पाच दिवस: सर्व्हेला नव्यानं लागलेल्यांसाठी

आमच्या ऑफिसात दोन नवी मुलं लागली आहेत. पावसाळा संपायच्या आत त्यांना डोंगरात पाठवायचं घाटतंय, आणि दोघांनीही मला पहिला प्रश्न विचारला तो रेनकोटाचा. पोंचो घ्यावा की पँट-जॅकेटवाला? मीही माझ्या वेळी हेच विचारलं होतं. पँट-जॅकेटवाला घ्या. पोंचो वाऱ्यात तीन पायांच्या स्टँडला अडकतो आणि त्यावर सेट केलेलं मशीन (टोटल स्टेशन, म्हणजे अंतरं आणि कोन मोजणारं दुर्बिणीचं यंत्र) हलवून ठेवतो. एवढं सांगितलं की रेनकोटाचा विषय संपला, बाकीचं इथे लिहिते.

मी इंदूरची, रामबागेतली. तिथल्याच जीएसआयटीएस कॉलेजातून सिव्हिल इंजिनीअरिंग केलं आणि एका छोट्या सर्व्हे कंपनीत लागले. चौथ्याच महिन्यात, ऐन श्रावणात, पचमढीची साइट आली. रस्त्याकडेचा एक नाला आणि त्यावरच्या दोन मोऱ्या, सगळी मिळून किलोमीटरभराची पट्टी मोजायची. टीममध्ये मी, आमचे सीनियर सर्व्हेअर (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) आणि प्रिझम (मशीनचा प्रकाश परत पाठवणारी, पोलवर बसवलेली काच) धरायला एक भिया, म्हणजे इंदुरी भाषेत भाऊ. आईनं दशम्या आणि लसणाची शेव बांधून दिली. बाबा म्हणाले, धुपगडावरून सूर्यास्ताचा फोटो काढून आण. धुपगड म्हणजे सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर, १,३५२ मीटर. पाच दिवसांत ते नेमकं कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा मला कळलं नाही.

इंदूरहून भोपाळ, नर्मदापुरम, पिपरिया असा रस्ता. मटकुलीला देनवा ओलांडली की चढ लागतो आणि दोन-चार वळणांतच काचेवर धुकं येतं. गाडीत एसी चालू होता. काकांनी तो बंद करायला लावला तेव्हा मला वाटलं, यांना ठंडी वाजतेय. वर पोचून पेटी उघडल्यावर कारण कळलं. मशीन एसीत थंड झालेलं आणि बाहेरची हवा पाण्यानं गच्च भरलेली, त्यामुळे लेन्सवर क्षणात दव धरलं. मी रुमाल काढला तर काकांनी हातच धरला. "पुसू नकोस. पेटी अर्धा तास तशीच बाहेर राहू दे, मग उघड." तो अर्धा तास रोज धरायचा. हॉटेलातून साइटवर जातानाही धरायचा आणि परत येतानाही, कारण ओल्या कपड्यांनी भरलेल्या उबदार खोलीतही तेच होतं.

आता धुक्याचं. इंदूरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीच्या आसपास पचमढीला पडतो, म्हणून मी पावसाची तयारी करून गेले होते. पावसानं काम तितकं अडलं नाही. पाऊस येतो, छत्री धरायची, थांबायचं, तो जातो. धुकं मात्र न सांगता येतं. मी दुर्बिणीतल्या रेघांची फुली, म्हणजे क्रॉसहेअर, प्रिझमवर लावतेय, रीडिंग घेणार, तेवढ्यात भिया दुधात साखर विरघळावी तसा नाहीसा झाला. राहिली फक्त त्याची शिट्टी. शिट्टीची भाषा आधीच ठरवून ठेवा: एक म्हणजे पोल सरळ धरलाय, दोन म्हणजे पुढच्या पॉइंटला निघालो, तीन म्हणजे इकडे या. ओरडण्यात अर्थ नसतो, धुक्यात शब्द कळत नाहीत. शिवाय घाटातल्या गाड्यांना भिया दिसत नाही, तेव्हा रिफ्लेक्टरची जॅकेटं सगळ्यांच्या अंगावर हवीत. ऑफिसात ती दोनच असतील, तर तिसऱ्यासाठी भांडा.

पाच दिवसांत प्रत्यक्ष मोजायला आम्हाला सतरा तास मिळाले. बाकीचा वेळ चहाच्या टपरीवर, भुट्टा खात. हा वेळ वाया गेला असं समजून पहिल्या दोन दिवसांत मी फार चिडचिड केली आणि त्या चिडचिडीत एक शहाणपणा केला. प्रिझम दिसत नव्हता म्हणून मशीन रिफ्लेक्टरलेस, म्हणजे प्रिझमशिवाय मोजायच्या, मोडवर टाकलं आणि मोरीच्या भिंतीवर लेझर मारला. भिंत अंदाजे तीस मीटरवर होती, स्क्रीनवर आलं अकरा. परत मारला तर चौदा. लेझर भिंतीपर्यंत पोचतच नव्हता, मधल्या थेंबांवरूनच परत येत होता. आकडा आला की नवख्याला तो खरा वाटतो. पंधरा-सोळा मीटरवरची भिंत असती तर मी तो चौदा लिहूनही टाकला असता. धुक्यात प्रिझमच वापरा, आणि डोळ्याला प्रिझम दिसत नसेल तर मशीनला दिसेल अशी आशा धरू नका.

स्टँडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नाल्याच्या कामात खरं नुकसान तिथे होतं. आपण इंदूरकडची माणसं काळ्या मातीत वाढलेली. पावसाळ्यात ती बुटाला किलो-किलो चिकटते, त्यामुळे जमीन दगा देणार हे आपल्याला दिसतं तरी. पचमढीचा दगड वालुकाश्म, वर रेताड माती आणि त्यावर सालाच्या झाडांच्या पानांचा थर. पाय घट्ट दाबला, बबल (मशीन सपाट आहे की नाही हे दाखवणारा बुडबुडा) मध्ये आणला, सगळं छान. पण पानांखालची ओली रेती हळूहळू बसत राहते. मी बॅकसाइट (आधी ठरलेल्या पक्क्या खुणेचं रीडिंग) घेऊन तासभर कडेच्या लेव्हल, म्हणजे उंच्या, घेतल्या, मग काका म्हणाले, बॅकसाइट परत बघ. त्याच खुणेची उंची नऊ मिलिमीटरनं बदलली होती. बबल अजून मध्येच होता. तिन्ही पाय सारखेच खाली गेले होते, बबल तरी काय सांगणार?

नऊ मिलिमीटर म्हणजे किती? आमच्या नाल्याला काही ठिकाणी २५० ला १ असा उतार होता, म्हणजे मीटरला चार मिलिमीटर. दोन मीटरचा उतार मशीन उभ्या-उभ्या गिळून बसलं होतं. तासाभराची सगळी रीडिंग खोडली. त्यानंतर नियम असा केला: पानं बाजूला सारायची, जमेल तिथे रस्त्याची कड किंवा उघडा खडक निवडायचा, आणि दर दहा रीडिंगनंतर बॅकसाइट तपासायची. दहाचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. चुकलं तर दहा परत घ्यायला फार जिवावर येत नाही, म्हणून दहा.

आता माझी मोठी चूक. टोटल स्टेशनचा प्रकाश हवेतून जातो आणि हवा दाट की विरळ यावर त्याचा वेग किंचित बदलतो. म्हणून मशीनमध्ये तापमान आणि हवेचा दाब भरायचा असतो. ढोबळ हिशेब: तापमानात एका अंशाचा फरक म्हणजे साधारण एक पीपीएम, दाबात दहा मिलिबारचा फरक म्हणजे तीनच्या जवळपास. पीपीएम म्हणजे किलोमीटरला एक मिलिमीटर. तापमान मी थर्मामीटरवर बघितलं, २१. दाबासाठी फोनवर हवामानाचं ॲप उघडलं, तिथे १००२ होतं. भरलं.

लूप करून, म्हणजे पॉइंट ते पॉइंट मोजत, सुरुवातीच्या पॉइंटवर परत आलो तर क्लोजिंग एरर (सुरुवातीशी न जुळलेला फरक) चार मिलिमीटर. मी इतकी खूश झाले, की काकांना चहा पाजला. रात्री त्यांनी जीपीएसनं आधी बसवलेल्या दोन पॉइंटांमधलं अंतर काढलं, जमिनीवरच्या अंतरात बदललं आणि माझ्या अंतराशी ताडून बघितलं. साधारण ९२० मीटरात माझं अंतर २८ मिलिमीटर कमी. त्यांनी माझी फील्ड बुक उघडली, दाबाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पचमढीत समुद्र कुठे दिसला तुला?"

ॲपवाले दाब समुद्रसपाटीला आणून दाखवतात, म्हणजे मुंबईचा आणि पचमढीचा आकडा शेजारी ठेवून बघता येतो. पचमढी १,०६७ मीटरवर आहे. तिथे खरा दाब त्या दिवशी ८८८ होता. ११४ मिलिबारची चूक, म्हणजे तीसएक पीपीएम. मशीनला वाटलं हवा दाट आहे, म्हणून त्यानं प्रत्येक अंतर थोडं कमी करून दिलं.

मला त्याहून जास्त लागलं ते क्लोजिंग एररचं. कॉलेजात डोक्यात बसलेलं, की लूप जुळला म्हणजे काम बरोबर. पण सगळीच अंतरं एकाच प्रमाणात आखूड झाली, तर लूप जसाच्या तसा जुळतो, फक्त लहान होतो. पोळी लहान लाटली तरी गोलच असते. ही चूक तुमच्या लूपबाहेरच्या दोन पक्क्या पॉइंटांशी ताडल्याशिवाय दिसत नाही. नाल्याच्या नकाशात २८ मिलिमीटर कुणी विचारणारही नाही, हे काकाच म्हणाले. पण त्या पॉइंटांवरून उद्या दुसरा कुणी काम सुरू करतो आणि त्याला आयुष्यभर कळत नाही, की चूक आली कुठून. सुदैवानं मी तापमान आणि दाब दोन्ही वहीत लिहिले होते, म्हणून ऑफिसात बसून अंतरं सुधारता आली. ते आकडे नसते तर पुन्हा मटकुलीचा चढ. तेव्हा दाब मोजायला साधा बॅरोमीटर न्या, किंवा फोनच्या सेन्सरचा कच्चा आकडा बघा. ॲपमध्ये "समुद्रसपाटीचा" असं कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

जाता जाता अजून एक. कोऑर्डिनेटसाठी यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात आणि त्यातला एक झोन ७८ अंश रेखांशावर बदलतो. इंदूर ४३ मध्ये, पचमढी ४४ मध्ये. इंदूरच्या जुन्या जॉबची फाइल कॉपी करून नवा जॉब उघडायची सवय असेल, तर ती इथे सोडा.

कागदांचं थोडक्यात: पचमढीत कँटोनमेंट, म्हणजे लष्करी छावणी, आहे आणि भोवती सातपुडा टायगर रिझर्व्हचं जंगल. तीन पायांवर दुर्बीण लावून उभं असलेल्या माणसाला कुणीतरी विचारणारच. कामाच्या पत्राच्या तीन झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाच्या खिशात एक. आणि मुलींनो, दिवसभराच्या साइटजवळ स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्या दिवशी सकाळीच शोधून ठेवा. मी संकोचानं पाणी पिणं बंद केलं होतं आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसले. काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "एवढंच ना? गाडी आहे कशाला?" आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

खोल्या आधी बुक करा, त्यातही नागपंचमी जवळ असेल तर फारच आधी. आम्ही गेलो तेव्हा नागद्वारीची यात्रा चालू होती. विदर्भातून माणसं गाड्या भरभरून येतात, धुक्यातून चालत जातात. इंदूरच्या बाहेर एवढी मराठी मी एका रस्त्यावर कधी ऐकली नव्हती. एक आजी माझ्या मशीनपाशी थबकल्या, डोक्यावर बोचकं, पाय चिखलानं माखलेले.

"काय मोजून राहिली वं बाई?"

"रस्ता आणि नाला, आजी."

"मंग सरळ करून दे ना त्याले. लय वाकडा हाय."

मी हसले तोवर त्या धुक्यात शिरल्या होत्या. भियाला मराठी येत नाही, तरी तोही हसत होता.

रात्रीचं काम विसरू नका, दमलेले असाल तरी. मशीन मऊ कापडानं टिपायचं, पेटीचा फोम वेगळा काढून वाळवायचा, आणि मशीन कोरडं झाल्याशिवाय पेटी बंद करायची नाही. ओलं मशीन रात्रभर बंद राहिलं तर लेन्सला बुरशी धरते, आणि ती कापडानं निघत नाही. पेटीतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांनी रंग बदलला की त्या बदला. टोलच्या आणि हॉटेलच्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. खिशात भिजलेल्या पावतीवर टीए, म्हणजे प्रवासभत्त्याचं, बिल पास होत नाही, माझे ६४० रुपये तसेच गेले.

परत आल्यावर स्टँड रामबागेतल्या आमच्या गच्चीवर उन्हात उभा केला, पायांचे स्क्रू ढिले केले, तर आतून मूठभर रेती सांडली. ती तशीच राहिली असती तर पुढच्या साइटवर क्लॅम्प धरलाच नसता. आई झाडू घेऊन वर आली आणि पचमढीचा बी फॉल धबधबा कसा होता म्हणून विचारायला लागली. म्हटलं, ऐकला छान, दिसला नाही.