बियाण्याआधी पहार घ्या: रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्वी

पोळा झाला की आमच्या सोलापूर भागात एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा ज्वारीचं कुठलं बी घ्यावं?" दुकानात विचारतात, पारावर विचारतात, मलाही फोन करून विचारतात. मी उलट विचारतो, तुमची माती किती खोल आहे? बहुतेक जण "काळी आहे", "चांगली आहे" असं सांगतात. खोली क्वचितच कुणी सांगतो. सगळं गणित मात्र खोलीवरच बसलेलं आहे. म्हणून यंदा बियाण्याच्या पिशवीआधी पहार हातात घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रब्बी ज्वारी साठवलेल्या ओलीवर जगते. पेरणीनंतर आभाळातून फारसं काही मिळत नाही. सप्टेंबर हा आपल्याकडचा सर्वांत भरवशाचा पावसाचा महिना. तेव्हा जमिनीत जेवढं पाणी मुरेल, तेवढ्यावर फेब्रुवारीपर्यंत कणसाला दाणे भरायचे असतात. एक फूट माती असलेल्या रानात ओलीचा साठा लहान, तीन फूट माती असलेल्या रानात मोठा. दोन्हीकडे एकच वाण पेरला तर उथळ रानात पीक ऐन दाणे भरताना वाळतं आणि खोल रानात खालची ओल न वापरताच राहते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीत जे काम केलं आहे, त्यातलं सगळ्यात मोलाचं मला हेच वाटतं. एकच चमत्कारी वाण काढून सगळ्यांना वाटण्याऐवजी त्यांनी जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळे वाण दिले. विद्यापीठ १९६८ चं असलं तरी या कामाची मुळं त्याहून जुनी आहेत. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. मोहोळच्या केंद्रावर त्याच दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण पुढे आला. इतकी वर्षं झाली तरी भाकरीची चव आणि कडब्याची प्रत म्हटली की माणसं अजून मालदांडीचंच नाव घेतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे त्या भागाची खोल काळी माती आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बी आहे.

मालदांडी तयार व्हायला १२५ ते १३० दिवस लागतात. भारी, म्हणजे खोल काळ्या मातीच्या रानात ते चालतं, पण हलक्या, म्हणजे उथळ मातीच्या रानात तेवढे दिवस ओल टिकत नाही. मालदांडीवर जीव असलेल्या कित्येक शेतकऱ्यांना मुरमाड माळावर कडबा तेवढा मिळतो आणि दाणा चिमटलेला निघतो. त्यात बियाण्याचा दोष नसतो.

खोली अशी मोजा. पाऊस पडून दोन-चार दिवस झाले की माती मऊ असते. शेतात चार ठिकाणी, म्हणजे वरच्या बांधाजवळ, मध्ये दोन जागी आणि खाली ओढ्याकडच्या बाजूला, पहारीने किंवा टिकावाने खड्डा घ्या. मुरूम किंवा चुनखडीचा थर लागेपर्यंत खाली जा आणि टेपने माप घ्या. चारही मापं वहीत लिहून ठेवा, कारण दर वर्षी खणायची गरज नाही. एकाच गटात वर एक फूट आणि खाली अडीच फूट माती असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. तसं असेल तर वरच्या अर्ध्यात एक आणि खालच्या अर्ध्यात दुसरा असे दोन वाण पेरा. पेरणीची पाभर थांबवून बी बदलायला पाच मिनिटं लागतात.

एक फुटापर्यंत, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आसपास माती असेल तर फुले अनुराधा, फुले माऊली किंवा अलीकडचा फुले यशोमती. अनुराधा १०५ ते ११० दिवसांत आणि माऊली ११० ते ११५ दिवसांत येते, ओल सरायच्या आत दाणा पदरात पडतो. एक ते दोन फूट मातीसाठी फुले सुचित्रा चांगला, शिवाय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परभणी मोती आहेच. मालदांडीही याच जमिनीपासून पुढे विचारात घ्यावी. दोन फुटांच्या वर खोल काळी माती असेल तर फुले वसुधा किंवा फुले यशोदा. विदर्भातल्या भारी रानासाठी अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही क्रांती आहे. हमखास पाणी असलेल्यांनी फुले रेवती घ्यावी. ती बागायतीसाठीच काढली आहे, कोरडवाहू माळावर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. परभणीचा परभणी सुपर मोती हाही नव्या वाणांपैकी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी त्याची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जरूर करावी.

आता पेरणी. कोरडवाहूसाठी विद्यापीठाची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. आपल्या भाषेत उत्तरा आणि हस्त नक्षत्रं. उत्तरा लागण्याआधीच घाई करून पेरलं तर कोवळ्या पिकावर खोडमाशी तुटून पडते. चित्रा निम्मी उलटेपर्यंत थांबलात तर वरची ओल उडालेली असते आणि पीक लहान असतानाच थंडी येते. "हस्ताचा पाऊस पडू दे, मग बघू" ही आपली जुनी सवय भारी रानात एखाद्या वर्षी निभावते. हलक्या रानात नाही. तिथे उत्तरा नक्षत्रात पुरेशी ओल मिळाली की पेरून टाका.

पाऊस रानातच अडवण्याचं काम खरं तर आधीच व्हायला हवं होतं. पेरणीआधी उतार बघून साधारण १० बाय १२ मीटरचे सपाट वाफे पाडले की पडलेला पाऊस बांधाबाहेर न जाता जागेवर मुरतो. ज्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये वाफे केले त्यांना त्याचं फळ मिळेलच. ज्यांचं राहिलं असेल त्यांनी पेरणीला पंधरा दिवस असले तरी करावं, कारण सप्टेंबरचा मोठा पाऊस अजून यायचा आहे. बैलाच्या साऱ्याने किंवा ट्रॅक्टरच्या सारा यंत्राने एका दिवसात बरंच रान होतं. खत-औषधाला हात सैल सोडणारे शेतकरी या कामाला मात्र कंटाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. कोरडवाहू ज्वारीत वाफ्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही.

एकरी ४ किलो बियाणं पुरतं. काणी रोग टाळण्यासाठी किलोला ४ ग्रॅम याप्रमाणे ३०० मेश (अगदी बारीक भुकटीचं) गंधक चोळा, म्हणजे एका एकराच्या बियाण्याला १६ ग्रॅम. हा खर्च चहाच्या कपाएवढाही नाही. त्यानंतर पेरणीच्या दिवशी किलोला २५ ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर लावून बी सावलीत सुकवा. खोडमाशीसाठी बियाण्याला लावायचं कीटकनाशक वापरणार असाल तर लेबलवरची मात्रा पाळा. क्रम असा: आधी रसायन, शेवटी जिवाणू खत. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, बी ५ सेंटिमीटरच्या आसपास ओलीत पडू द्या. दहा-बारा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत १५ सेंटिमीटर राखा. विरळणीला लोक हळहळतात, उगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही. पण दाट पीक ओल लवकर संपवतं आणि शेवटी सगळ्यांचाच दाणा बारीक राहतो. विरळताना पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, सुकलेली रोपं आधी काढा आणि बांधाबाहेर नेऊन नष्ट करा, म्हणजे खोडमाशीची अळीही त्यांच्याबरोबर जाईल.

खताचंही खोलीशीच नातं आहे. हलक्या जमिनीला हेक्टरी २५ किलो नत्र एवढंच, म्हणजे एकरी साधारण २२ किलो युरिया. मध्यम जमिनीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. त्याचा हिशेब एकरी ३५ किलो युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची एक गोणी असा बसतो. भारी जमिनीला ६० आणि ३०, म्हणजे एकरी सुमारे ५३ किलो युरिया आणि दीड गोणी सुपर फॉस्फेट. कोरडवाहूत हे सगळं खत पेरतानाच दोन चाड्यांच्या, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पाभरीने बियाण्याखाली द्या. नंतर वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीत नुसता पडून राहतो.

पुढे तीन कोळपण्या, म्हणजे ओळींमधली माती हलवणं, चुकवू नका. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. तिसरी कोळपणी तणासाठी नसते. तोपर्यंत काळी जमीन भेगाळायला लागलेली असते आणि त्या भेगांतून खालची ओल वाफ होऊन जाते. दातेरी कोळप्याने भेगा मातीने बुजतात. आता बैलं कमी झाली म्हणून हीच कोळपणी सर्रास वगळली जाते. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांनी सायकल कोळप्याने का होईना, निदान जिथे भेगा जास्त आहेत तिथे तरी ती करावी.

शेततळ्यात किंवा विहिरीत एका पाण्यापुरतं पाणी असेल तर ते कधी द्यायचं? जास्तीत जास्त लोक पीक सुकलेलं दिसलं की पाणी सोडतात, तेव्हा उशीर झालेला असतो. एकच पाणी असेल तर पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्या. दोन असतील तर पहिलं २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरं पोटरीत. बागायतदारांनी पुढे फुलोऱ्यात ७० ते ७५ दिवसांनी आणि दाणे भरताना ९० ते ९५ दिवसांनी द्यावं. जमीन रुंद भेगाळण्याआधी पाणी दिलं, आणि तेही तुषारने, तर थोडं पाणी जास्त रानाला पुरतं. राहुरीच्या विद्यापीठाने हवामान, जमीन आणि पिकाचं वय धरून पाणी किती आणि कधी द्यायचं ते सांगणारं फुले इरिगेशन शेड्यूलर हे मोबाईल अ‍ॅप काढलं आहे.  घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरींकडून ते एकदा लावून घ्या. ठिबक-तुषार असणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होईल.

खडखड्या या रोगाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावर औषध मागायला येणारे खूप आहेत. फुलोऱ्यानंतर ओल तुटली की जमिनीतली बुरशी खोडात शिरते, बुंधा आतून पोकळ होतो, आत काळी भुकटी दिसते आणि उभं पीक आडवं होतं. तेव्हा फवारणी करून काही होत नाही. वर सांगितलेली विरळणी, भेगा बुजवणं, पोटरीतलं पाणी आणि जमिनीला जुळणारा वाण हाच त्यावर इलाज. लष्करी अळीवर मात्र पहिल्या महिनाभर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. पोंग्यात भुसा किंवा खिडक्या पाडलेली पानं दिसली की वाट न पाहता ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी पोंग्यात जाईल अशी करा.

ज्यांचं गाव मोठ्या रस्त्यावर किंवा शहराजवळ आहे, त्यांनी एक-दोन गुंठे का होईना हुरड्याच्या वाणाला द्यावेत. फुले उत्तरा आणि फुले मधुर हे त्यासाठीच काढलेले वाण आहेत. लाह्यांसाठी फुले पंचमी आणि पापडासाठी फुले रोहिणी आहे. बचत गटातल्या भगिनींनी पापड-लाह्यांचं काम करायचं ठरवलं असेल तर बाजारातली कुठलीही ज्वारी आणून हात पोळून घेण्यापेक्षा हेच बी लावावं. लाही फुटण्याचा गुण मुळात दाण्यात असावा लागतो. परभणीने २०१८ मध्ये दिलेला परभणी शक्ती हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण आहे. घरात लहान मुलं, गरोदर बायका असतील तर त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, फक्त हंगाम विचारूनच घ्या.

ज्यांचं मन यंदा ज्वारीवरून हरभऱ्याकडे वळलंय त्यांना मी दोष देत नाही. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, आणि कडबा हवा असतो म्हणून सरसकट हार्वेस्टरही घालता येत नाही. हरभऱ्यात उंच आणि सरळ वाढणारा फुले विक्रम आला, तो यंत्राने काढता येतो. ज्वारीच्या उपटणीतून बायाबापड्यांच्या कमरा सोडवणारं काम विद्यापीठांनी यापुढे सगळ्यात आधी हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. कोरडवाहू हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, बागायती २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. मर रोगासाठी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि त्यानंतर रायझोबियम लावल्याशिवाय पेरू नका. विजय आणि दिग्विजय हे राहुरीचे आणि जाकी ९२१८ हा अकोल्याकडचा, हे अनुभवाने पटलेले वाण आहेत.

शेवटी बियाण्याबद्दल. वर सांगितलेले ज्वारीचे वाण सरळ आहेत, संकरित नाहीत. एकदा विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रातून, महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाकडून किंवा खात्रीच्या दुकानातून प्रमाणित पिशवी आणली, तर पुढची दोन-तीन वर्षं घरचं बी चालतं. पिशवीवरचा टॅग आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा. फेब्रुवारीत काढणी करताना शेताच्या मधल्या भागातली, एकसारखी, रोग नसलेली कणसं निवडा आणि ती वेगळी मळून वाळवा. पोत्यावर वाणाचं नाव आणि ज्या तुकड्यात तो घेतला त्याची खोली असं दोन्ही खडूने लिहा, म्हणजे पुढच्या पोळ्याला कुणाला विचारायची गरज पडणार नाही.