व्हीएमध्ये व्यसन आणि मानसिक आरोग्यावर रिसर्च पोस्टडॉक करायचंय? सुरुवात इथून करा

अमेरिकेतल्या माजी सैनिकांची दारू, ओपिऑइड (अफूजन्य पदार्थ), पीटीएसडी (ट्रॉमा म्हणजे मोठ्या मानसिक आघातानंतर जडणारा आजार), आत्महत्येचे विचार यावर ज्यांना पोस्टडॉक म्हणून, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणात, मनापासून रिसर्च करायचाय त्यांच्यासाठी व्हीए म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं, ही जागा खरंच सोन्याची आहे. मी तिथं दोन वर्षं काढून बाहेर पडलेय आणि आपल्याकडच्या मुलामुलींना कुणी वेळेत न सांगितल्यामुळे त्यांचं वर्ष फुकट गेलेलं पाहिलंय, म्हणून जे माहितीये ते सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी नागरिकत्व बघा, बाकी सगळं नंतर. व्हीएकडून थेट स्टायपेंड मिळणाऱ्या सायकॉलॉजी फेलोशिपला अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीनकार्ड चालत नाही, एफ-१ किंवा एच-१बी तर नाहीच नाही. अर्ज कितीही चांगला असला तरी तो इथंच थांबतो. ग्रीनकार्ड असेल तर एनआयएच (अमेरिकन सरकारची आरोग्य संशोधन संस्था) देते त्या टी-३२ ट्रेनिंग ग्रँटवरच्या जागा बघा, त्या विद्यापीठाकडून मिळतात, आणि व्यसनावर काम करणारे कितीतरी प्राध्यापक एक पाय विद्यापीठात नि एक व्हीएत ठेवून असतात त्यामुळे काम जवळजवळ तेच करायला मिळू शकतं. टी-३२ घेतलीत तर एक लक्षात ठेवा, पहिल्या १२ महिन्यांची परतफेड कामाच्या रूपात करावी लागते, पण दुसरं वर्ष तिथंच पूर्ण केलं की ती फिटते. आणि व्हिसावर असाल तर मेंटॉरच्या स्वतःच्या ग्रँटवरचं साधं रिसर्च पोस्टडॉक शोधा आणि पुढं के-९९ चा, म्हणजे पोस्टडॉकनंतर स्वतंत्र संशोधक होण्यासाठीच्या एनआयएच ग्रँटचा, विचार करा, कारण त्याला नागरिकत्वाची अट नाहीये.

दुसरी अट शिक्षणाची. साधारणपणे पीएचडी किंवा सायडी (सायकॉलॉजीतली क्लिनिकल कामावर भर असलेली डॉक्टरेट) आणि इंटर्नशिप दोन्ही मान्यताप्राप्त प्रोग्रॅममधून लागतात, म्हणजे मुख्यतः एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता, आणि डिझर्टेशन म्हणजे प्रबंध जॉइन होण्याआधी पूर्ण झालेलं पाहिजे. "डिफेन्स (प्रबंधाची तोंडी परीक्षा) तेवढा राहिलाय" असं म्हणून जॉइन होता येत नाही.

आता जागा कुठल्या कुठल्या असतात ते समजून घ्या, कारण नावं सारखी वाटतात आणि काम वेगळं असतं. एक प्रकार क्लिनिकल रेसिडेन्सीचा, एका वर्षाचा, त्यात बहुतेक वेळ पेशंट बघण्यात जातो. दुसरा प्रकार रिसर्च फेलोशिपचा, साधारण दोन वर्षांचा, त्यात ढोबळमानाने तीन हिस्से रिसर्च आणि एक हिस्सा क्लिनिक. दुसऱ्या प्रकारातली मोठी वाट म्हणजे मायरेक, मानसिक आजारांवरची रिसर्च, शिक्षण आणि उपचार केंद्रं, अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या संसदेने) १९९६ मध्ये कायदा करून सुरू केलेली. प्रत्येक केंद्राचा विषय वेगळा आहे, डेन्व्हरचं आत्महत्या रोखण्यावर, डरहॅमचं युद्धावरून परतल्यानंतरच्या मानसिक आरोग्यावर, न्यू इंग्लंडमधलं मानसिक आजार आणि व्यसन एकत्र असणाऱ्यांवर. फक्त व्यसनावरच काम करायचं असेल तर फिलाडेल्फिया आणि सिअ‍ॅटल इथं व्यसन उपचार आणि शिक्षणाची सेंटर ऑफ एक्सलन्स आहेत. पालो अल्टोत आरोग्यसेवा कशी पोचते, उपचार प्रत्यक्षात कसे राबवले जातात यावर काम चालतं. ट्रॉमा हा तुमचा मुख्य विषय असेल तर नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडी, १९८९ पासूनचं, आणि त्याचे विभाग बोस्टनपासून होनोलुलूपर्यंत पसरलेत.

पण माझं ऐकाल तर शहर आणि केंद्राचं नाव बघून अर्ज करू नका, माणूस बघून करा. मी स्वतः एका फार नावाजलेल्या जागेचा इंटरव्ह्यू दिला होता, तिथं सगळं छान होतं, पण ज्यांच्याबरोबर काम करायचं होतं त्यांचा मोठा स्टडी संपत आला होता आणि नवीन ग्रँट अजून मिळालेली नव्हती, म्हणजे मी तिथं जाऊन दोन वर्षं दुसऱ्यांच्या डेटाची वाट बघत बसले असते, आणि हे मला इंटरव्ह्यूच्या दिवशी कळलं, आधी विचारायचं सुचलंच नव्हतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मेंटॉरना मेल टाका. मेल लहान ठेवा, त्यांचा अलीकडचा एक पेपर खरंच वाचून त्यातली एक गोष्ट जी तुम्हाला पुढं न्यायचीय ती दोन वाक्यांत लिहा आणि यंदा फेलो घेणार आहात का ते विचारा, बस. बोलणं झालं की हे विचाराच: सध्या कुठला डेटा हाताशी आहे, तो वापरायची परवानगी किती दिवसांत मिळते, मागच्या फेलोंनी पहिल्या लेखक म्हणून किती पेपर काढले, ते आज कुठं आहेत. जमलं तर त्या जुन्या फेलोंशी स्वतंत्रपणे बोला. मेंटॉर चांगला असेल तर स्वतःच त्यांचे मेल आयडी देतो, नाही दिले तर समजून जा.

मग रिसर्च स्टेटमेंट, आणि इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. बहुतेक स्टेटमेंट्स "मला व्यसन आणि ट्रॉमामध्ये रस आहे" यावरच थांबतात. रस सगळ्यांनाच असतो हो, तुमचा प्रश्न काय आहे? उदाहरण देते. पूर्वी क्लिनिकमध्ये एक समज घट्ट होता, की पीटीएसडी आणि दारू दोन्ही असेल तर आधी दारू सोडा मग ट्रॉमाचं बघू. यात कित्येक माणसं वर्षानुवर्षं लटकत राहायची, कारण झोप यावी, आठवणी दबाव्यात म्हणूनच तर ते पीत होते. नंतर कोप नावाची एकत्र उपचारपद्धती आली, साधारण ९० मिनिटांची १२ सेशन्स, त्यात प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जायचा उपचार) आणि व्यसनाची सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची थेरपी) हातात हात घालून चालतात. आता प्रश्न असा पडतो की हे चालतं हे माहीत असूनही क्लिनिकमध्ये लोक मधेच का सोडून जातात, कितव्या सेशनला जातात, जाणाऱ्यांना परत कसं आणायचं. हा झाला प्रश्न! तो क्लिनिकच्या खुर्चीतून आलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

किंवा कंटिन्जन्सी मॅनेजमेंट घ्या, म्हणजे व्यसनापासून दूर राहिलं की बक्षीस देण्याची पद्धत. कोकेन, मेथसारख्या उत्तेजकांच्या व्यसनावर एफडीएने (अमेरिकेतली औषधं मंजूर करणारी संस्था) मंजूर केलेलं एकही औषध नाही, तिथं ही पद्धत चांगली चालते आणि व्हीएने २०११ पासून ती देशभर नेली. लघवीची टेस्ट निगेटिव्ह आली की भांड्यातून चिठ्ठ्या काढायच्या, काहींवर नुसतं शाब्बास लिहिलेलं, काहींवर हॉस्पिटलच्या कँटीनची कूपनं, आणि सलग निगेटिव्ह येत गेलं की चिठ्ठ्या वाढत जातात. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण साठीचा माणूस चिठ्ठी उघडताना कसा हसतो ते पाहिलं की मत बदलतं. उपचार संपल्यावर हा परिणाम किती टिकतो, टिकवायचा कसा, यावर अजून भरपूर काम करण्यासारखं आहे.

स्टेटमेंटमध्ये दोन प्रोजेक्ट मांडा, एक तयार डेटावरचा आणि एक छोटा नवा. तयार डेटा व्हीएत अफाट आहे, सगळ्या हॉस्पिटलांच्या नोंदी एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये जातात आणि व्हिन्सी नावाच्या सुरक्षित सिस्टिममधून त्यावर काम करता येतं. दारूसाठी ऑडिट-सी हे तीन प्रश्नांचं स्क्रीनिंग व्हीएत दरवर्षी करतात, ० ते १२ स्कोअर, त्यामुळे लाखो लोकांचं पिणं वर्षागणिक कसं बदललं ते दिसतं. नवीन पेशंट भरती करून करायचा स्टडी मात्र लहानच ठेवा, कारण एथिक्स कमिटी, रिसर्च कमिटी, प्रायव्हसी अशा परवानग्या घेता घेता सहा-आठ महिने कुठं जातात समजत नाही आणि दोन वर्षं म्हणजे काही फार नसतात.

अर्जाची वेळ थोडक्यात: बऱ्याच जागांची शेवटची तारीख नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, इंटरव्ह्यू त्यानंतर लगेच. काही जागा अ‍ॅपिक या सायकॉलॉजी इंटर्नशिप-पोस्टडॉक केंद्रांच्या संघटनेच्या पोर्टलवर असतात, काही थेट मेलवर मागवतात, दोन्हीकडे बघा. शिफारसपत्र देणाऱ्यांना सहा आठवडे आधी सांगा, आणि त्यात निदान एक जण तुमचं क्लिनिकल काम डोळ्यांनी पाहिलेला हवा.

इंटरव्ह्यूत भाषा सांभाळा. "अ‍ॅब्यूझर", "अ‍ॅडिक्ट" असे शब्द तोंडून गेले की समोरच्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, माणूस आधी आणि आजार नंतर अशी बोलायची पद्धत आहे तिथं. मरीनमधल्या माणसाला सोल्जर म्हणू नका, सोल्जर हा आर्मीतला. आणि सगळे व्हेटरन्स लढाईवर गेले होते किंवा सगळ्यांना पीटीएसडी आहे असं धरून चालू नका. तयारीसाठी ली रॉबिन्स यांचं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवरचं काम नक्की वाचा. तिथं असताना सुमारे २० टक्के जणांनी अफूजन्य पदार्थांचं व्यसन लागल्याचं सांगितलं होतं, पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातल्या फार थोड्यांना, साधारण ५ टक्क्यांना ते परत लागलं. जागा आणि परिस्थिती बदलली की व्यसनाचं काय होतं यावर ५० वर्षांनंतरही लोक वाद घालतायत, तुम्हालाही त्यावर स्वतःचं मत असू दे.

निवड झाली की कागदपत्रं सुरू. बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी, लसी, टीबीची टेस्ट. ड्रग टेस्ट कधीही होऊ शकते, आणि तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी व्हीए ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं तो चालत नाही, हे अगदी गंभीरपणे घ्या. पुरुष उमेदवारांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडल्यास सक्तीच्या सैन्यभरतीसाठीची सरकारी नोंदणी बघावी. जे ग्रीनकार्डवर २६ व्या वर्षाच्या आत आले आणि नंतर नागरिक झाले त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ही नोंदणी करायची असते हेच माहीत नसतं, आणि मग ऐनवेळी धावपळ. नोंदणी लागत नव्हती असं असेल तर तसं सांगणारं स्टेटस लेटर आधीच मागवून ठेवा.

आत गेल्यावर सायकॉलॉजिस्टच्या लायसन्ससाठी लागणारे देखरेखीखालच्या कामाचे तास पहिल्या दिवसापासून मोजा. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, कॅलिफोर्नियाला एकूण ३००० तास लागतात त्यातले निदान १५०० डॉक्टरेटनंतरचे, आणि रिसर्चचे सगळे तास धरतात असं समजू नका, सुपरवायझरला लेखी विचारून घ्या. ईपीपीपी ही लायसन्सची परीक्षा पहिल्या वर्षातच देऊन टाका, दुसरं वर्ष नोकरी शोधण्यात जातं. व्हीएत नोकरीला कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं ही मोठी सोय. पुढं व्हीएतच शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर करिअर डेव्हलपमेंट अवॉर्डचं (व्हीएची नव्या संशोधकांसाठीची ग्रँट) नाव मेंटॉरसमोर पहिल्या तीन महिन्यांत काढा, दुसऱ्या टप्प्याचा अवॉर्ड पाच वर्षांपर्यंतचा असतो आणि त्याचा अर्ज लिहायलाच वर्ष लागतं.

क्लिनिकचा दिवस कमी करायला कुणी सुचवलं तरी करू नका, तिथूनच प्रश्न सापडतात. आणि रिसर्चसाठी फोनवर मुलाखती घ्यायला लागाल तेव्हा समोरचा माणूस मधेच म्हणू शकतो की जगावंसं वाटत नाही, त्या वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं पाहिजे: कुणाला लगेच बोलवायचं, फोन न ठेवता पुढं कसं जोडून द्यायचं, सगळं एका कागदावर लिहून समोर चिकटवा. व्हेटरन्स क्रायसिस लाइनसाठी ९८८ फिरवून १ दाबायचा असतो. माझ्या टेबलावर तो कागद दोन वर्षं होता आणि त्याची तीनदा गरज पडली.

डेटा अ‍ॅक्सेसचा अर्ज जॉइन झाल्या आठवड्यातच टाका, कॉम्प्युटरचं लॉगिन चालू व्हायची वाट बघत असाल तेवढ्यात सक्तीची ऑनलाइन ट्रेनिंग्ज उरकून घ्या, ती झाल्याशिवाय तो अर्ज पुढं सरकतच नाही.