नेट बंद पडल्याचा फोन यायच्या आधी आपल्याला कसं कळंल? पिंग मॉनिटरिंग लावायची पद्धत

मागच्या कापूस सीझनची गोष्ट. सकाळी साडेसहाला जिनिंगच्या मुनीमजींचा फोन, "भाऊ, काट्यावरचं नेट बंद पडलं, गाड्यायची लाइन लागली ना बाप्पा, लवकर या." तोंड धुतलं न धुतलं अन् गाडी काढली, नऊ किलोमीटर कुडकुडत गेलो, त काट्यावर सगळं ठीक. काट्याची (गाड्यांचं वजन करायच्या वजनकाट्याची) खोली इन्व्हर्टरवर चालते, पण तिथं नेट येतं ते ऑफिसच्या छतावरच्या रेडिओवरून (वायर न टाकता हवेतून नेट पाठवायचं डिव्हाइस), आणि ऑफिसकडचा एक फेज गेलेला. म्हणजे काम लाइनमनचं, चक्कर माझी. त्या दिवशी संध्याकाळीच ठरवलं की आता हे पिंगचं बसवूनच टाकू.

पिंग म्हणजे काही जादू नाही. आपला कॉम्प्युटर समोरच्या डिव्हाइसला एक छोटं पॅकेट पाठवतो, "आहेस का?" समोरचा तेच पॅकेट परत करतो, "आहे." किती वेळात परत आलं ते मिलीसेकंदात दिसतं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसानं १९८३ मध्ये हा प्रोग्राम लिहिला, आणि पाणबुडीच्या सोनारचा जो आवाज असतो त्यावरून नाव ठेवलं. मॉनिटरिंग म्हणजे हीच हाक दर मिनिटाला कोणीतरी न थकता मारत राहणं आणि उत्तर आलं नाही की तुम्हाला कळवणं, बस.

आधी कागद-पेन घ्या

सॉफ्टवेअर नंतर. आधी नकाशा काढा, कोण कोणाच्या मागं आहे तो. माझा असा होता: फायबरचा राउटर, मग ऑफिसचा स्विच (एका नेटचे अनेक फाटे करणारा डबा), छतावरचा रेडिओ, समोर काट्यावरचा रेडिओ, तिथला स्विच, आणि त्याच्यावर काट्याचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्याचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा). प्रत्येकासमोर त्याचा आयपी (नेटवर्कमधला त्याचा नंबर) लिहा, आणि कोणत्या मीटरवर, कोणत्या फेजवर आहे तेही लिहा. हे मीटर-फेजचं कोणी लिहीत नाही, आणि आपल्याकडं अर्धे फॉल्ट तिथंच निघतात.

आयपी पक्के करून घ्या. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आपोआप आयपी वाटायची सोय) रिझर्वेशनचा ऑप्शन असतो, तिथं प्रत्येक डिव्हाइसचा मॅक ॲड्रेस (कंपनीतूनच आलेला ओळख नंबर) टाकून एक आयपी बांधून टाका. नाहीतर लाइन जाऊन आली की एनव्हीआर दुसराच आयपी घेऊन बसतो आणि तुम्ही जुन्याला हाका मारून राहिले.

हातानं एकदा पिंग करून बघा

विंडोजमध्ये स्टार्टला सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडंल. त्यात पिंग, मग स्पेस, मग आयपी, एंटर. (मी इथं मराठीत लिहून राहिलो, पण कमांड आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे.) विंडोज चार पॅकेट पाठवून थांबतं, सतत चालू ठेवायचं असंल तर शेवटी स्पेस देऊन डॅश आणि टी लावा, थांबवायला कंट्रोल सी. लिनक्सवर ते आपोआपच चालत राहतं.

आता उत्तर वाचायला शिका, इथंच लय लोक फसतात. ऑफिसातल्या ऑफिसात वायरवर एक मिलीसेकंदाच्या आसपास यायला पाहिजे, रेडिओपलीकडं थोडं जास्त चालंल. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं म्हणजे हाक गेली पण उत्तर आलं नाही: डिव्हाइस बंद असंल, मधली लिंक तुटली असंल, किंवा त्याची फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा पहारा) पिंगला उत्तरच देत नसंल. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर कोणत्या आयपीकडून आलं ते बघा. तुमच्या स्वतःच्याच आयपीकडून आलं असंल तर समोरचा आपल्या नेटवर्कमध्ये सापडलाच नाही, आणि गंमत अशी की विंडोज खाली हिशोबात हेही उत्तर पकडतं आणि शून्य टक्के लॉस, म्हणजे एकही पॅकेट हरवलं नाही असं दाखवतं! मी एकदा नुसती खालची ओळ बघून "चालू आहे" सांगून मोकळा झालो होतो, मग काय, शिव्या.

काट्याच्या विंडोज कॉम्प्युटरनं उत्तर दिलं नाही तर घाबरू नका, विंडोजची फायरवॉल बहुतेक वेळा पिंग अडवते. फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये इनबाउंड रूल्सच्या यादीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'च्या नावाखाली 'इको रिक्वेस्ट, आयसीएमपी व्ही ४ इन' असा रूल सापडतो, तेवढाच चालू करा. अख्खी फायरवॉल बंद करू नका बरं का.

मॉनिटर कुठं ठेवायचा

पहिला विचार येतो की घरूनच जिनिंगला पिंग करू. नाही जमत बहुतेक ठिकाणी, कारण बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा पब्लिक (बाहेरून हाक मारता येईल असा) आयपीच नसतो, एका आयपीच्या मागं कंपनी कितीतरी गिऱ्हाइकं बसवते. म्हणून पहारेकरी आतच बसवायचा. मी रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय' म्हणतो) वापरला, जुना लॅपटॉपही चालतो आणि त्याला स्वतःची बॅटरी असते हा वरचा फायदा.

पिंग मारत राहायचं सॉफ्टवेअर अपटाइम कुमा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पायवर आधी डॉकर (ज्याच्या आत कुमा चालतो ते सॉफ्टवेअर) टाका, मग कुमाच्या अधिकृत पानावर जी एका ओळीची इन्स्टॉलची कमांड आहे ती जशीच्या तशी कॉपी करा. त्यात रिस्टार्ट ऑलवेज आहे ना बघा, नाहीतर लाइन आल्यावर पाय चालू होईल पण कुमा झोपलेला. मग त्याच नेटवर्कमधल्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये पायचा आयपी, कोलन, ३००१ टाका, ॲडमिनचं नाव-पासवर्ड बनवा.

'ॲड न्यू मॉनिटर'वर क्लिक करा, टाइप पिंग निवडा, नाव द्या, होस्टनेममध्ये आयपी. नाव 'रेडिओ २' असं देऊ नका, 'काट्यावरचा रेडिओ, इन्व्हर्टरवर' असं द्या, रात्री अर्धवट झोपेत वाचायचंय ते. इंटर्व्हल ६० सेकंद, रिट्राय ३, रिट्राय इंटर्व्हल ३० सेकंद. म्हणजे पहिलं उत्तर चुकल्यावर साधारण दीड मिनिटानं बोंब उठंल. रिट्राय शून्य ठेवाल तर एक पॅकेट हरवलं की मेसेज, आणि आठवड्याभरात तुम्हीच नोटिफिकेशन म्यूट करून टाकाल. नकाशातलं प्रत्येक डिव्हाइस असं टाका, वरून ८.८.८.८ चा (हा बाहेरचा, गूगलचा आयपी) एक मॉनिटर, म्हणजे राउटर जिवंत पण नेट मेलं हे वेगळं दिसतं.

आता वाचायची पद्धत: साखळीत राउटरकडून मोजत गेलं की पहिलं जे लाल दिसतं, फॉल्ट तिथं किंवा त्याच्या जरा अलीकडं. ऑफिसचा रेडिओ लाल झाला तर पुढचे चारही लाल होणारच, पाच मेसेज आले म्हणून पाच ठिकाणी पळू नका.

मेसेज मोबाइलवर

टेलिग्रामवर बॉटफादर शोधा, त्याला नवीन बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) मागा, तो टोकन (त्या बॉटची गुप्त किल्ली) देतो. बॉटला आपण एक 'हॅलो' पाठवा. मग कुमाच्या नोटिफिकेशनमध्ये टेलिग्राम निवडून टोकन टाका, चॅट आयडी तिथलंच बटण शोधून देतं. टेस्ट दाबा. टोकन कोणाला फॉरवर्ड करू नका.

आता खरी मेख. लाइन गेली, राउटर बंद, तर मेसेज जाणार कुठून? पहारेकऱ्याचंच तोंड बांधलं. त्यामुळं राउटर आणि पाय दोन्ही मिनी यूपीएसवर घ्या. पायला याची दुहेरी गरज, कारण लाइन अचानक गेली की त्याचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. आणि दुसरं, उलटा पहारा लावा: हेल्थचेक्ससारखी बाहेरची सर्व्हिस एक लिंक देते, पायनं दर पाच मिनिटांनी ती लिंक उघडायची, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी लिनक्सची सोय) एक ओळ. ठरल्या वेळेत हाक गेली नाही की ती सर्व्हिस तुम्हाला मेल करते. म्हणजे आतलं सगळंच गप्प झालं तरी बाहेरून कळतं.

झालं का? नाही, आता काट्यावर जाऊन स्विचचा प्लग स्वतः काढा, मुनीमजींना आधी सांगून. घड्याळ लावा. मेसेज आला, नाव बरोबर, मग प्लग लावा, 'अप' झाल्याचा मेसेजही आला पाहिजे. मग राउटरचा प्लग काढून बाहेरच्या मेलचीही परीक्षा घ्या.

कुमाचा ग्राफ अधूनमधून बघत जा, नुसता लाल-हिरवा नाही. चैत्रात माझ्या रेडिओ लिंकचा आकडा ३ मिलीसेकंदावरून हळूहळू ४० वर चढला, मधूनमधून पॅकेट गळायला लागले. छतावर चढून बघतो त मधल्या कडुनिंबाला नवी पालवी फुटून फांदी बरोबर रेडिओसमोर आलेली. मालकाला विचारून फांदी छाटली, आकडा खाली.

आणि एक, हिरवं म्हणजे फक्त डिव्हाइस उत्तर देतं एवढंच. आमच्या एनव्हीआरची हार्ड डिस्क गेली होती, पिंग महिनाभर हिरवंगार. म्हणून सोमवारी सकाळी एनव्हीआरचं आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी अजूनही हातानंच उघडून बघतो.