नाशिकच्या उन्हात सोनेरी मोरपंखी पिवळीच कशी ठेवायची

नर्सरीत पिवळ्या झाडांत दोन प्रकार हमखास दिसतात, एक सोनेरी मोरपंखी आणि दुसरं ते उंच निमुळतं गोल्डक्रेस्ट, पान चुरगाळलं की लिंबासारखा वास येतो ते. लोक वासावर भुलतात, गोल्डक्रेस्ट घेतात आणि एप्रिलमध्ये ते करपलं की नर्सरीवाल्याला शिव्या घालतात. अहो ते मूळचं कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या समुद्रकाठचं, गार धुक्यातलं झाड, त्याला आपलं ४० डिग्री कसं झेपणार? हवंच असेल तर कुंडीत ठेवा आणि मार्चपासून दुपारी सावलीत सरकवा. जमिनीत लावायची तर मोरपंखीच.

तिला मात्र ऊन भरपूर पाहिजे, निदान ५-६ तास. पिवळा रंग नव्या पालवीवर येतो, सावलीत ठेवली की हिरवी होणारच, मग खतं ओतून काही होत नाही. थंडीत निफाडकडे पारा खाली जातो तेव्हा झाड तपकिरी दिसायला लागतं, घाबरू नका, ऊब आली की रंग परततो.

खरा घात करते ती आपली काळी माती. खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा मुरूम, माती, शेणखत मिसळून वीतभर उंचवटा करा आणि त्यावर लावा, जूनमध्ये आळं मोडून टाका. माती ओली असूनही झाड मलूल होऊन सुकत असेल तर मुळं कुजल्याचा संशय घ्या, अशा वेळी लोक अजून पाणी घालतात आणि झाड हातचं जातं.

छाटताना फक्त नव्या वाढीची टोकं घ्या. आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कापलं की तिथे परत फुटत नाही, भोक कायमचं राहतं. एखादी फांदी उन्हात असूनही गर्द हिरवी निघाली तर बुडापासून काढा, नाहीतर तीच जोर धरते.

उन्हाळ्यात लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) येतो, द्राक्षवाल्यांना सांगायला नको. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. सकाळी पाइपने आतून-बाहेरून जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवसांनी परत मारा. त्याने आटोक्यात नाही आला तरच कोळीनाशक, तेही उन्हं उतरल्यावर.