बाळंतपणाला माहेरी जाताय? या चुका टाळा

सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक माहेरी येते. साड्या, औषधं, बाळाची दुपटी सगळं बॅगेत येतं आणि माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहतं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) इंजेक्शनं या सगळ्या नोंदी त्या कार्डावर असतात. रात्री कळा सुरू झाल्या आणि दवाखाना नवा असला, तर डॉक्टर आधी तेच मागतात. कार्ड राहिलंच असेल तर आजच सासरच्या उपकेंद्रातल्या नर्स सिस्टरना फोन करा. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये तुमची नोंद आणि आरसीएच क्रमांक (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) असतो. त्या पानाचा फोटो मागवून घ्या.

दुसरी चूक म्हणजे माहेरच्या आशाताईंना न कळवणं. ‘नाव तिकडं आहे ना’ म्हणून घरचे गप्प बसतात. पण दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन, ताप, श्वास बघतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून दाखवून दिलं, की अशा घरभेटींनी नवजात बाळांचे जीव वाचतात. तुम्ही आलात हेच ताईंना ठाऊक नसेल, तर त्या येणार कशा? बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा श्वास भरभर चालला, तर मात्र त्यांच्या भेटीची वाट बघू नका. लगेच 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी बाळावर वर्षाचं होईपर्यंत मोफत उपचार होतात.

लसींचं गणित परतीच्या प्रवासात बिघडतं. बीसीजी, पोलिओ आणि 24 तासांच्या आतली हिपॅटायटिस बी दवाखान्यातच मिळते. घरी निघण्याआधी कार्डावर नोंद झाली का ते बघा. पुढचा डोस दीड महिन्याचा. सव्वा महिना झाला की सासरी जायची गडबड सुरू होते, आणि इकडचे समजतात तिकडं देतील, तिकडचे समजतात इकडं दिला असेल. मग बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं. तेव्हा ‘आता उशीर झाला’ म्हणून सोडून देऊ नका. पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) उशिराही सुरू करता येते, आणि आधी एखादा डोस झाला असेल तर पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत, राहिलेले पुढे सुरू करतात. साध्या सर्दीसाठीही लस टाळायची गरज नाही.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही. शौचाला काळं झालं म्हणून बंदही करू नका.

राहिले मातृवंदना योजनेचे पैसे, पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये. ते आईच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल, तर हप्ता अडकू शकतो. माहेरी निघण्याआधीच बँकेत जाऊन दोन्हीकडचं नाव एक करून घ्या.