पहिलीच गाडी जुनी आणि दमदार घेताय? या चुका टाळा

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बडगा आला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इंदूरच्या बाजारात स्वस्तात उतरतात. नुकती नोकरी लागलेली आपली मुलं स्कोडाच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएस, लॉरा किंवा फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय बघून येतात आणि सांगतात, "काका, नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळतेय!" मिळतेय खरी, पण तिचे पार्ट छोट्या गाडीच्या भावात मिळत नाहीत.

म्हणून सगळ्यात महाग चूक ही, की होते नव्हते ते पैसे गाडी घेण्यातच घालवणं. बजेटचा तिसरा हिस्सा आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी बघा. तो हिस्सा पहिल्या महिन्यातच लागतो.

त्यातला पहिला खर्च टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याचा. तो गेला की अशा इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. "बेल्ट आत्ताच बदललाय" असं विकणारा म्हणाला आणि बिल दाखवलं नाही, तर तो बदललेला नाही असंच मी धरतो. लोकमान्य नगरातल्या एका मुलाने व्हीआरएस घेतली: १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. त्याला बजावलं होतं, आधी बेल्ट, मग फिरणं. त्याने अलॉयची चाकं आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. बेल्ट म्हणे पुढच्या पगारात. महेश्वरहून मित्रांसह परतताना मानपूरच्या घाटात, ऐन चढावर इंजिन बंद पडलं. फोन आला, "काका, स्टार्टर फिरतोय पण गाडी उठत नाहीये." आवाज फोनवरच ऐकू येत होता. स्टार्टर शिवणयंत्रासारखा हलका, कुठेही न अडता फिरत होता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं की असाच फिरतो. त्याला म्हटलं, आधी किल्ली काढ, आता एकदाही सेल्फ मारू नकोस.

गॅरेजमध्ये कव्हर काढलं तर बेल्टचे दात सोलून निघालेले, रबराच्या पाठीवर आडव्या बारीक भेगा. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवल्यावर मिस्त्रीने वाकलेले व्हॉल्व्ह वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पिस्टनच्या माथ्यावर त्यांचे ठसे उमटले होते. सायलेन्सरच्या पैशांत बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही आले असते. हे तिन्ही एकदमच बदला. या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो, आणि तो जाम झाला तर नवा बेल्टही घेऊन जातो.

गरम इंजिनवर गाडी पसंत करू नका. मी सकाळी न कळवता जातो आणि आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जातो. थंड इंजिन सुरू होतानाचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत जातंय.

पोलो जीटीचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचचा आहे: त्याचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले नसतात. तो बायपासवर तपासून काही कळत नाही. राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत न्या. गाडी थरथरली किंवा धक्के दिले, तर सौदा सोडा.

घेतल्या घेतल्या रीमॅप करणाऱ्यांचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणाऱ्यांचा, मला मनापासून राग येतो. गाडीची नीट ओळख झालेली नसते, ब्रेक जुनेच असतात, आणि यांना आणखी ताकद हवी असते. आधी वर्षभर आहे तशी चालवा.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली, तरी इतका जुना टायर मी जोरात पळणाऱ्या गाडीवर ठेवत नाही.

घाट चढून आल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू ठेवा, म्हणजे तापलेला टर्बो जरा थंड होतो.

कागदांचं शेवटी बघू म्हणणारे आरटीओत अडकतात. १५ वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांसाठीच वाढतं, आणि दिल्लीची गाडी नावावर करताना मध्य प्रदेशचा टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो किमतीत धरा, आणि दिल्लीची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका.