सेंद्रिय कापसाचा पुरवठादार निवडताना ब्लॉकचेन कुठे कामी येतं

शाश्वत पुरवठा साखळीत काम करायचं असेल, तर ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक पक्षांनी मिळून ठेवलेल्या सामायिक डिजिटल नोंदवहीचा, कोर्स करण्याआधी एक जिनिंग मिल (कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी) नीट पाहून या. 2020 मध्ये जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या मानक संस्थेने भारतातला मोठा घोटाळा उघड केला: सुमारे 20,000 टन कापसाची ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटं (विकलेला माल सेंद्रिय असल्याचे दाखले) बनावट होती. ब्लॉकचेनवर चढलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही, हे खरं. पण पहिलीच नोंद खोटी असेल, तर तीच जपून ठेवली जाते. म्हणून सगळा जीव पहिल्या नोंदीत घालायचा.

सुरुवात उताऱ्यापासून, म्हणजे कापसातून किती टक्के रुई निघते त्यापासून करा. 500 क्विंटल कापूस, रुईचा उतारा 34 टक्के, म्हणजे 17,000 किलो रुई. 170 किलोच्या 100 गाठी. पुरवठादार त्याच कापसावर 130 गाठी दाखवत असेल, तर बाहेरचा माल मिसळला आहे किंवा वजन तरी चुकलं आहे. हा नियम चेनकोडमध्येच (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) लिहा. वाण आणि ओलाव्याप्रमाणे उतारा थोडा हलतो, तेव्हा एकच आकडा न धरता त्या भागातली किमान-कमाल मर्यादा ठेवा.

काट्याची पावती, स्कोप सर्टिफिकेट (पुरवठादार सेंद्रिय मानकात बसतो याचा दाखला) आणि सेंद्रिय कापसात न चालणाऱ्या बीटी जनुकाच्या चाचणीचा अहवाल ब्लॉकचेनबाहेरच्या साठ्यात ठेवा. ब्लॉकचेनवर फक्त त्यांचा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो), लॉट क्रमांक आणि वजन. शेतकऱ्याचा आधार क्रमांक किंवा फोन तिथे कधीही टाकू नका. तो पुसता येणार नाही. जनुकाची चाचणी कापूस किंवा रुईवरच करून घ्या. ब्लीचिंग-रंगाईनंतर डीएनए इतका मोडतो की निकालावर भिस्त ठेवता येत नाही.

हायपरलेजर फॅब्रिक या ठरावीक सभासदांपुरत्या ब्लॉकचेन प्रणालीत भाव ठरावीक पक्षांपुरते झाकून ठेवता येतात. ही सोय दिली नाही, तर जिनिंगवाले सहभागीच होणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. सगळे नोड (नोंदींची प्रत ठेवणारे संगणक) खरेदीदाराकडेच असतील, तर मात्र साधा डेटाबेस पुरे.

आता निवड. वैध सर्टिफिकेट, बालमजुरी नसणं आणि उताऱ्याचा मेळ या तीन अटींवर आधी चाळणी लावा. या अटींना गुण देऊ नका, नाहीतर स्वस्त भाव बालमजुरीलाही झाकून टाकतो. उरलेल्या पुरवठादारांना एएचपीने, म्हणजे निकषांची दोन-दोन करून तुलना करत वजन ठरवण्याच्या पद्धतीने तोला: पाच निकष असले तर दहा जोड्यांची तुलना होते. सुसंगती गुणोत्तर (तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत त्याचं माप) 0.10 च्या वर गेलं, तर तुलना पुन्हा करा.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. जिनिंगमध्ये वजनं वहीत लिहितात आणि आठवड्याने एकदम संगणकावर भरतात. ब्लॉकचेनवर दिसते ती भरल्याची वेळ. म्हणून वजनाची तारीख आणि नोंदीची तारीख असे दोन वेगळे रकाने ठेवा. चूक झाली तर उलट नोंद करून कारण लिहायला लावा. अशा दुरुस्त्यांसाठी पुरवठादाराचे गुण कापू नका. गुण कापले की लोक चुका कळवणंच बंद करतात.